तीनदा विचारणारे देसले सर

देसले सरांना एकदा सांगून काहीही पटत नाही. त्यांचा माणसांवर अविश्वास आहे असं नाही. अविश्वास आहे तो वाटेवर. एकाच्या तोंडातून निघालेली गोष्ट दुसऱ्याच्या कानापर्यंत धड पोचते, हेच त्यांना मान्य नाही. "मधे नॉइज असतो रे," ते म्हणतात. म्हणून ते प्रत्येक प्रश्न तीनदा विचारतात. तीनपैकी दोन उत्तरं जुळली की ते खरं.

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर आमच्या इमारतीत सरांचं दार माझ्या दारासमोर आहे. सरांची बायको, वसुधाकाकू, जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना फोटोतच पाहिलंय. सरांनी जन्मभर इंजिनिअरिंग कॉलेजात अ‍ॅनालॉग आणि डिजिटल कम्युनिकेशन शिकवलं. एक गोष्ट तीनदा पाठवायची आणि पलीकडे बहुमत घ्यायचं, हा त्या विषयातला चूक सुधारण्याचा सगळ्यात साधा उपाय. बाकीचे प्राध्यापक तो फळ्यावर ठेवून घरी जातात. सरांनी तो घरी आणला.

मीही त्यांचा विद्यार्थी. त्या विषयात मी इतक्या चिकाटीने नापास होत राहिलो, की शेवटी सरच म्हणाले, "तू मुळात अ‍ॅनालॉग माणूस आहेस." म्हणजे काय, तेही त्यांनी समजावलं. डिजिटल सिग्नल वाटेत मळला तरी हरकत नाही. शून्य की एक एवढं ओळखायचं आणि नवा कोरा करून पुढे पाठवायचा. अ‍ॅनालॉगला वाटेतली जी धूळ चिकटेल ती शेवटपर्यंत सोबत जाते.

"तुला काहीही विचारलं की तू 'बघू' म्हणतोस. 'बघू' हा शून्य की एक?"

"बघतो, सर," मी म्हणालो.

आता मी ग्रंथालयात नोकरी करतो. तिथे 'बघू' चालतं.

सरांबरोबर खरेदीला जाणं हा वेगळाच अभ्यासक्रम. एकदा आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये चादर घ्यायला गेलो. सरांनी भाव विचारला. सिंधी दुकानदाराने सांगितला. सरांनी पुन्हा विचारला. गिऱ्हाईक पक्कं दिसतंय असं समजून त्याने भाव उतरवला. सरांनी तिसऱ्यांदा विचारला, तो आणखी उतरला. तिन्ही उत्तरं वेगळी. सरांच्या कपाळावर आठी.

"पुन्हा पहिल्यापासून सांगा."

दुकानदाराने हात जोडले. "साईं, आप ही बता दो, कितना देना है!"

सर चादर न घेताच बाहेर पडले. "सिग्नलच लागत नाही याचा," म्हणाले. एवढ्या स्वस्तात चादर मिळत होती, पण मला कोण विचारतो?

माझं लग्नही याच उपायाने राहिलं. बदलापूर गावात मुलगी बघायला जायचं होतं. वडील नाहीत, म्हणून आईने मोठं माणूस म्हणून सरांना बरोबर घेतलं. पोहे झाले. सरांनी थेट मुलीलाच विचारलं, "बाळ, मुलगा पसंत आहे का?"

ती लाजून "हो" म्हणाली.

"नक्की?"

"हो."

"आता शेवटचं. नीट बघून सांग."

तिने पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"नाही."

"दोनास एक!" सर खुशीत म्हणाले. "जमलं!"

हिशेबाने माझं लग्न ठरलं होतं. पण मुलीच्या वडिलांना हा विषय नव्हता. परतताना रिक्षात आई पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, रडतेय. अंबरनाथ आलं तेव्हा कळलं, हसतेय.

यंदा उन्हाळ्यात आई गेली. दिवसकार्य होईपर्यंत शेजाऱ्यांनी डबे आणले. मग रीतीप्रमाणे ते थांबले आणि मी चहा-बिस्किटांवर आलो. आईच्या ओट्यापाशी उभं राहायचं टाळण्यासाठी एवढी युक्ती मला सुचली. कसा आहेस विचारलं की मी सगळ्यांना "ठीक" म्हणायचो. चौकशी संपवायला तो शब्द फार सोयीचा आहे.

एका दुपारी सर दारात उभे राहिले.

"जेवलास?"

"हो."

"जेवलास ना?"

"हो, सर."

तिसरा प्रश्न आलाच नाही. सर मला बाजूला सारून आत आले, टेबलावर डबा ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"सर, दोन उत्तरं जुळली की," मी म्हणालो.

"शब्द जुळले. आवाज जुळला नाही."

डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. ते उघडायची खटपट करत, माझ्याकडे न बघता सर म्हणाले, "वसुधा आजारी होती तेव्हा सकाळी निघताना विचारलं, बरं वाटतंय का? हो म्हणाली. मला लेक्चर होतं." झाकण निघालं. "एकदाच विचारलं मी."

आत वरणभात होता, वर लिंबाची फोड. मी आतून एक ताट आणलं. ओट्यापाशी मला जावंच लागलं. बसताना मी विचारलं, "तुम्ही जेवलात, सर?"

"हो."

"जेवलात ना?"

"हो रे. मला म्हाताऱ्याला असं कितीसं लागतं!"

मी तिसऱ्यांदा विचारलं.

सरांनी डब्याचं झाकण उलटं करून माझ्यापुढे सरकवलं.

"थोडा भात वाढ."