गजकची तस्दीक

दप्तरदार भाऊसाहेबांनी माझ्या आत्याकडे तिच्या साठाव्या वाढदिवशी जन्माचा दाखला मागितला होता. केक समोर होता, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या, आणि हे खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "वाढदिवस आहे हे मान्य. पण साठावाच कशावरून? असल कागद दाखवा." आम्हाला आधी चेष्टा वाटली. पण त्यांनी टाळ्या वाजवायलाच नकार दिला, तेव्हा मी आतून ट्रंक ओढली, दाखला शोधला, आणि निघालं असं की आत्या साठ नव्हे, एकसष्ट पुरे करत होती. "म्हणजे वर्षभर मी फुकटची तरुण होते," आत्या म्हणाली. भाऊसाहेबांनी दाखला दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि मगच, मधुमेह असूनही, केकचा मोठा तुकडा उचलला.

गेल्या वर्षी ते मुलीकडे नाशिकला राहायला गेले. तेव्हापासून आमच्या इमारतीत कोणाचंही काहीही न तपासता खपतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत नाही.

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधली आमची इमारत. आम्ही चौथ्या मजल्यावर, ते पाचव्या. त्यांचे पूर्वज दख्खनेतून दरबारच्या मागोमाग इकडे आले ते दप्तर सांभाळायला, आणि भाऊसाहेबांनीही उभा जन्म एका सरकारी रेकॉर्डखोलीत काढला. काम एकच. लोक कागदाची नक्कल घेऊन येत, हे असल कागद काढत, दोन्ही ओळीला ओळ लावून पाहत आणि जुळलं की सही करत. याला ते 'तस्दीक' म्हणत. इथल्या आमच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळून गेली आहे, पण हा शब्द ते असा उच्चारायचे की तो थेट पुण्याहून सोवळ्यात आला असावा. लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते, त्यांचा तो जुना वास, पावसाळ्यात कागदांना दाखवायचं ऊन, हे सगळं ते सांगायचे तेव्हा दुसरा एखादा आपल्या गावाबद्दल बोलतो आहे असं वाटे.

निवृत्त झाल्यावर तपासायला कागद उरले नाहीत, म्हणून त्यांनी जगाला हात घातला. वर्तमानपत्रात छापलेली सूर्यास्ताची वेळ ते गॅलरीत घड्याळ घेऊन पडताळायचे आणि बरोबर निघाली तर पेन्सिलीने टिकलीएवढी खूण करायचे. दार वाजवून "मी आहे" म्हटलं तर आतून "मी तर सगळेच असतात, नाव सांगा" असं येई. त्यांच्या पत्नी मालतीकाकू होत्या तोवर त्या हसून दार उघडायच्या. त्या गेल्या आणि आत नुसता प्रश्नच उरला.

त्याच सुमारास आत्याचे डोळे गेले. एकदम नव्हे. डोळ्यांचे पडदे झिजत झिजत तीन वर्षांत काळोख झाला. सुमनआत्याने लग्न केलं नाही. गोरखीतल्या शाळेत तिने मुलींना गाणं शिकवलं आणि ती ग्वाल्हेरचा सबंध लष्कर भाग पायी हिंडली. अशा बाईला आता जिन्यापर्यंत जायलाही माझा हात लागायचा. ती तक्रार करत नसे, पण माझ्या दंडावरची तिची बोटं फार घट्ट असायची. मग मी इंदूरकडच्या एका माणसाबद्दल ऐकलं. तो अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करायचा. आठ महिन्यांनी त्याच्याकडून आमच्या घरी एक तांबूस कुत्री आली, तिळगुळाच्या रंगाची. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवत रंग विचारला, मी सांगितला, आणि आमच्याकडच्या तीळ-गुळाच्या मिठाईवरून तिचं नाव गजक पडलं.

अडचण लिफ्टपाशी आली. सोसायटीचा नियम होता, लिफ्टमध्ये जनावर नको. सेक्रेटरी भाऊसाहेबच. त्यांनी बैठक बोलावली. मी सांगितलं की हा पाळीव कुत्रा नाही, मदतनीस कुत्रा आहे. लगेच दुसऱ्या मजल्यावरचे शर्माजी आपल्या पॉमेरियनला मांडीवर घेऊन उठले आणि म्हणाले, "हमारी टफी भी तो हमारी मदद ही करती है. इसके बिना नींद नहीं आती." तिसऱ्या मजल्यावरून एका पोपटाचंही नाव आलं.

"म्हणून तर कागद पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले. "उद्या कोणी पण बकरी आणेल नि म्हणेल मदतनीस आहे."

मी इंदूरच्या माणसाचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरलं. "याने कुत्रीला कागद दिला, ते तर ठीक आहे. पण याला कागद कोणी दिला?"

मला संताप आला, आणि तो मी व्यक्तही केला. आत्या शांत होती. तिला त्या लिफ्टपेक्षा मोठी काळजी होती. लष्करातल्या मराठी मंडळींच्या एका सभागृहात गुरुवारी दुपारी तिला गाण्याचा वर्ग सुरू करायचा होता. बारा मुली तयार होत्या. सभागृहवाले म्हणत होते, कुत्रा आत घेऊ, पण तुमच्या सोसायटीने लेखी मान्यता द्यावी, आणि दसऱ्यापर्यंत द्यावी, नाहीतर ती वेळ योगवाल्यांना जाईल. मी म्हटलं, मी रजा घेऊन तुला सोडत जाईन. ती म्हणाली, "मला कुणाचा हात न धरता वर्गात शिरायचंय. हात धरून जायचं असतं तर मी घरीच बसले असते."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः निघाले, असल कागद शोधायला. चार दिवस ते कार्यालयं पालथी घालत होते. एकीकडे कुत्री पाळण्याचा परवाना मिळाला. त्यात रंग होता, जात होती, रेबीजचं इंजेक्शन होतं, पण ती काय काम करते याचा रकानाच नव्हता. दुसरीकडे आत्याच्या डोळ्यांचा दाखला होता, त्यात कुत्रीला जागा नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी गजक ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. म्हणजे आत्याची तस्दीक झाली, गजकची तस्दीक झाली, पण दोघींना जोडणारा कागद शहरात कुठेच मिळेना. चौथ्या दिवशी ते आमच्याकडे येऊन पाणी प्यायले आणि कितीतरी वेळ ग्लास हातात धरून बसले. एखाद्या गोष्टीला कागदच नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. "असं होऊच शकत नाही," ते म्हणाले. "मी खिडकी चुकलो असेन. ती सापडेपर्यंत तपासणी मीच करतो."

त्यांनी वही बांधली. त्यात आत्या 'अर्जदार', गजक 'श्वान' आणि ते 'परीक्षक'. ठराव झाला की तपासणी चालू असेतो परीक्षक हजर असताना श्वानाने लिफ्ट वापरावी. रोज सकाळी सात वाजता आत्या आणि गजक निघत आणि दहा पावलं मागून भाऊसाहेब, काखेत छत्री, हातात वही.

परीक्षा तरी कसल्या म्हणता. रिक्षा करून दोघींना दाल बाजारात नेलं. पोती, हातगाड्या, मधोमध बसलेली गाय, हमालांची आरडाओरड. गजकने आत्याला त्या सगळ्यातून असं काढलं की दुकानदार गादीवरून उठून बघायला लागले. मग आली 'प्रलोभन परीक्षा'. भाऊसाहेबांनी डाळ भरलेली बेडई पुरी आणि जिलबी घेतली आणि कागदासकट गजकच्या वाटेत ठेवली. गजक वळसा घालून गेली. परीक्षक मात्र जिलबीपाशीच थांबले, आणि परत आले तेव्हा कागदावर फक्त बेडई होती. त्यांनी वहीत तसं प्रामाणिकपणे लिहिलंही.

एकदा डोळ्यांवर मफलर बांधून त्यांनी स्वतःच गजकच्या पट्ट्याचा दांडा धरला. फाटकाबाहेर केबलसाठी चर खणला होता. गजक काठाशी थांबली. भाऊसाहेबांनी तिला "चल" म्हटलं. ती हलेना. "पुढे रस्ता आहे, मी रोज बघतो," असं तिला समजावून सांगत त्यांनी पाऊल टाकलं आणि गुडघाभर चिखलात उतरले. त्या दिवशीची नोंद त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. श्वान उत्तीर्ण, परीक्षक अनुत्तीर्ण.

एवढं झाल्यावर सही व्हायला काय हरकत होती? पण होईना. आधी म्हणाले, दिवाळीच्या फटाक्यांचा सराव पाहिला पाहिजे. मग म्हणाले, धुक्यातली चाल पाहिलेली नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ग्वाल्हेरला धुकं कुठून आणायचं? आत्या रोज सकाळी त्यांच्याबरोबर जायची, हसत परत यायची, आणि मी सहीचं काढलं की म्हणायची, "करतील ग." दसऱ्याला पाच दिवस उरले. सभागृहाचा फोन आला की योगवाले आगाऊ पैसे घेऊन दारात उभे आहेत. मग माझा पारा चढला. मी तडक पाचव्या मजल्यावर गेले, नाव सांगून आत शिरले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्या बारा मुलींची नावंसुद्धा घेतली. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं. "बस. चहा टाकतो," एवढंच म्हणून ते आत गेले.

टेबलावर वही होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. मी वाचली.

सहाव्या दिवशीच लिहिलं होतं, 'श्वान सर्व बाबतींत योग्य. मान्यता द्यावी.' खाली तारीख. त्यापुढे आणखी चाळीसेक पानं होती, तेच वळणदार अक्षर, समास सोडून.

'आज अर्जदारांनी पेरू घेतले. एक मला दिला. लाच नव्हे असे समजून स्वीकारला.'

'आज अर्जदारांनी आभाळ कसे आहे असे विचारले. सांगितले. परीक्षेशी संबंध नाही.'

'अर्जदारांना ताप. फिरणे रद्द. परीक्षक साडेनऊपर्यंत खाली थांबला.'

'अर्जदार वाटेत गुणगुणत होत्या. परीक्षकाने दहा पावलांचे अंतर सहा केले, ऐकू यावे म्हणून.'

आणि एका पानावर, आजूबाजूला काहीच नसताना, 'मालती गेल्यापासून कुणाशी इतके बोलणे झाले नव्हते. ही नोंद खोडावी.' खोडलेली मात्र नव्हती.

मला लाज वाटली. इतकी की वही मिटायचंही सुचलं नाही. भाऊसाहेब दोन कप घेऊन आले, त्यांनी उघडी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. कप ठेवून समोर बसले.

"सही केली की माझं काम संपतं, बाळ," ते म्हणाले.

एका बाजूला आत्याचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस, आणि दोन्ही एका सहीवर अडलेलं. मी चहा प्यायले. चहात साखर नव्हती, घरात ठेवतच नसतील. माझा कप संपायच्या आत त्यांनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि न अडखळता सगळा मजकूर लिहिला. मुदतीच्या ओळीपाशी हात थांबला. मला वाटलं, आठवडा लिहितील, महिना लिहितील आणि दर वेळी नूतनीकरणाला बोलावतील. मी तेही चालवून घेतलं असतं. त्यांनी लिहिलं, 'आजीवन'. सही केली. शिक्का निवृत्तीच्या दिवशीच जमा केला होता, म्हणून सहीखाली 'सेवानिवृत्त' असं लिहिलं, आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "त्यांना सांग, आता परीक्षक यायची गरज नाही."

सभागृहवाल्यांनी तो कागद मान्य केला. दसऱ्याआधीच्या गुरुवारी आत्या गजकबरोबर, कुणाचाही हात न धरता, वर्गात शिरली. मी बाहेर रस्त्यावर उभी होते. आतून बारा मुलींनी सा लावला, तो पहिल्या दिवशी लागावा तितपतच लागला, आणि मी रडले.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या सकाळचं. मी ऑफिसला निघाले तर आत्या खाली फाटकाशी उभी. गजक तिच्या डाव्या पायाशी बसलेली. सात वाजून गेले होते.

"अग, निघ की," मी म्हटलं. "आता तुला त्यांची गरज नाही."

"गरज नाहीच," आत्या म्हणाली. "म्हणून तर थांबलेय."

मी वर फोन लावला. पाचव्या मजल्यावरून बऱ्याच वेळाने "कोण?" असं आलं. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, आत्या खाली उभी आहे. मग लिफ्ट वर गेली आणि खाली आली. भाऊसाहेब इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले, एक बटण चुकलेलं. वही नव्हती, छत्री नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. सवयीने ते दहा पावलांवर जाऊन थांबले.

आत्याही निघाली नाही. गजक डावीकडे होती आणि तिची उजवी बाजू मोकळी होती. मग भाऊसाहेब पुढे आले आणि तिथे, तिच्या बाजूला उभे राहिले, आणि तिघंही चालायला लागले.