खळ दिलेला स्वेटर

न्हावऱ्यात थंडी पडायच्या आधीच हरिबांनी ती कशी घालवायची ते ठरवून टाकलं होतं.

"सकाळी अंगणात उन्हाला बसायचं. हातात सुया, मांडीवर कादंबरी. ऊन सरकंल तशी खाट सरकवायची. दिस मावळंपर्यंत एक बाही आन् एक खून!" ते बायकोला म्हणाले.

खून म्हणजे वाचनालयातल्या रहस्यकथेतला. जन्मभर कारखान्यात शिफ्टा केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दोनच गोष्टींची हौस राहिली होती, वाचन आणि विणकाम. वाचनाचं कुणाला काही वाटलं नाही. विणकामाचं मात्र सगळ्या आळीला वाटलं. हरिबांनी कुणाला भीक घातली नाही.

"लोकर आमच्या रक्तात हाय!" ते सांगायचे. "माझा आजा मेंढरांमागं चालता चालता टकळीवर सूत काढायचा. बाप घरच्या मागावर घोंगड्या विणायचा. चार पावसाळे अंगावर घेतले तरी थेंब आत जायचा न्हाई! त्यांच्यापुढं स्वेटर म्हंजी काय, बाह्या असल्याली घोंगडी!"

त्यांची बायको अनसाबाई ज्वारीच्या रानातनं नुकतीच घरी आली होती. डोक्यावरचा भारा तिनं धाडकन खाली टाकला.

"तिकडं ज्वारी हुरड्यात आलीया. पाखरं कणसंच्या कणसं रिकामी करत्यात. राखणीला रानातल्या उंच माळ्यावर कुणी बसायचं? तुमच्या आज्यानं?"

"अगं, पण वरवंडच्या पाव्हण्यांची एकसष्टी आलीया. पोपटरावांना आपल्या हातचा स्वेटर द्यायचाय."

पोपटराव म्हणजे त्यांचे व्याही, सूनबाईचे वडील. वरवंडात खताचं दुकान, अंगावर कायम कडक इस्त्री. दिवाळीत ते हरिबांना बघून "बसून बसून अंग सुटलं बरं का पाव्हण्यांचं," असं चार लोकांत बोलले होते. ते हरिबांच्या मनाला लागलं होतं; आपण नुसते बसून नसतो हे त्यांना दाखवायचं होतं.

अनसाबाईनं पदर खोचला. "एकसष्टीपतुर मी बसते माळ्यावर. पाव्हण्यांनी तुमचा स्वेटर अंगात घालून चार लोकांत मिरवला, तर थंडीभर खाटंवर लोळा, ब्र काढणार न्हाई. न्हाई मिरवला, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही माळ्यावर. सुया न्हाईत, पुस्तक न्हाई. हातात गोफण!"

"कबूल!" हरिबा म्हणाले. हरायचा प्रश्नच कुठं होता?

वाचनालयातून त्यांनी विणकामाचं एक जुनं पुस्तक आणलं. बाजारातल्या गुळगुळीत लोकरीला त्यांनी नाक मुरडलं आणि अजून मेंढरं राखणाऱ्या चुलतभावाकडून काळी, खरखरीत, अस्सल लोकर आणली. तिला मेंढराचा वास येत होता. हरिबांना तो बापाचा वास वाटला आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग काय! सुलट, उलट, सुलट, उलट. मांडीवर डावीकडे विणकामाचं पुस्तक, उजवीकडे रहस्यकथा. ते दिवस हरिबांच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. अंगणात कोवळं ऊन, शेजारी चहा, आणि गावात काय चाललंय याचा पत्ता नाही. फक्त एक झालं. रहस्यकथा रंगली की टाके मोजायचं राहून जाई. खुनी सापडेपर्यंत डावी बाही गुडघ्याच्या खाली गेली होती. खून झाला की टाका आवळला जाई, प्रेमाचं प्रकरण आलं की सैल पडे. त्यामुळं छाती घट्ट झाली आणि पोट ढगळ. पोपटरावांच्या अंगकाठीला ते नेमकं उलटं हवं होतं, पण हरिबांचा विश्वास ढळला नाही.

एकसष्टी परवावर आली आणि स्वेटर पुरा झाला. हरिबांचा लहानपणापासूनचा दोस्त सिद्दीक टेलर खास बघायला आला. त्यानं स्वेटर दोन बोटांत उचलून धरला. स्वेटर भिजल्या मांजरासारखा लोंबला.

"हरिबा, विणलायस झकास," सिद्दीक सावधपणे म्हणाला. "पण लईच मऊ पडलाय रे. कपड्यात दम पायजे. अंगात घातला की कसा ताठ बसला पायजे!"

हरिबांनी विणकामाच्या पुस्तकाचं शेवटचं उरलेलं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं : 'स्वेटर पूर्ण झाल्यावर त्याला नीट आकार येण्यासाठी'. पुढची पानं वाळवीनं खाल्ली होती.

दुसरा कुणी असता तर गडबडला असता. हरिबा हसले.

"पुस्तकाला काय इचारायचं? माझा बाप घोंगडी विणली की काय करायचा? खळ द्यायचा! चिंचोक्याची खळ! घोंगडी नुसती भिताडाला टेकवली तर उभी राहायची!"

"अरे, पण घोंगडी पांघरायची असती. ह्ये अंगात घालायचंय," सिद्दीक म्हणाला.

"तू काजं-बटणं बघ! लोकरीतलं तुला काय कळतंय?"

हरिबांनी चिंचोके भाजले, भिजवले, वाटले आणि पातेलंभर खळ शिजवली. अनसाबाई रानातनं आली, तिनं झाकण काढलं आणि विचारलं, "पिठलं केलंय व्हय?" हरिबांनी पातेलं उचलून अंगणात नेलं. त्यांनी दोन्ही बाह्यांत आडवी काठी घातली, स्वेटर दोरीवर टांगला आणि बापासारखं कुंच्यानं पुढून-मागून, आतून-बाहेरून खळ चोपडली. थोडी उरली, तीही चोपडली. वाया कशाला घालवायची?

दुसऱ्या दिवशी उन्हात वाळल्यावर त्यांनी काठी काढली. स्वेटर दोन्ही हात पसरून तसाच राहिला. जमिनीवर ठेवला तर उभा राहिला!

"आता आला दम!" हरिबा म्हणाले.

तो घडी होईना, म्हणून अनसाबाई आणि सिद्दीकबरोबर वरवंडला जाताना एसटीत त्याला चादर गुंडाळून सीटवर बसवावा लागला. एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाबा, हात आवरून बसा की जरा!" त्यानं ऐकलं नाही म्हणून ती केडगाव येईपर्यंत त्याच्यावर रागावून होती.

पोपटरावांच्या दारात मांडव पडला होता. अख्खं वरवंड लोटलं होतं. औक्षण झालं, तुला झाली, आणि हरिबांनी माईकवरून जाहीर केलं, "पाव्हण्यांसाठी स्वतःच्या हातानं विणलेला स्वेटर! अस्सल लोकर! ह्ये घ्या पाव्हणं, चढवा!"

टाळ्या पडल्या. चार लोकांत पोपटरावांना नाही म्हणता येईना. त्यांनी डोकं घातलं, पण ते गळ्याशी अडकलं. हरिबांनी आणि सिद्दीकनं वरून दाबलं. आतून "अवो... अवो..." असा आवाज आला आणि फटकन डोकं बाहेर आलं. हात बाह्यांत गेले आणि तिथंच राहिले. पोपटराव दोन्ही हात आडवे पसरून मांडवाच्या मधोमध उभे!

फोटोग्राफर म्हणाला, "काका, हात खाली घ्या."

"येत न्हाईत!" पोपटराव दात आवळून पुटपुटले.

माईक मात्र हरिबांच्या हातात होता, त्यामुळं हे कुणाला ऐकू गेलं नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की पोपटराव हात पसरून सगळ्यांना बोलावतायत. एक मामा पुढं आले आणि त्यांनी कडकडून मिठी मारली. मग साडू, मग मेव्हणे. रांगच लागली! पोपटरावांचा चेहरा लालबुंद झाला होता. बघणारे म्हणत होते, "बघा, किती भरून आलंय त्यांना!"

आणि मग मांडवाच्या टोकाशी बसलेले चांगदेव उठले. चांगदेव पोपटरावांचे धाकटे भाऊ. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आज ते फक्त लोकलाजेनं आले होते, जेवून जाणार होते. पण थोरला भाऊ आपल्याकडं तोंड करून दोन्ही हात पसरून उभा आहे म्हटल्यावर त्यांना बसवेना.

"आप्पा!" त्यांनी हंबरडा फोडला. "तुम्ही हात पसरलात! आन् मी करंटा लांब बसलो!"

ते धावत आले आणि भावाच्या छातीवर गाल ठेवून ढसाढसा रडले. सगळा मांडव रडला. हरिबा स्वतः रडले. पोपटरावही रडत होते, पण ते बहुतेक काखेतल्या टोचण्यानं.

रडणं ओसरल्यावर चांगदेव बाजूला व्हायला गेले. झालेच नाहीत! आसवांनी खळ भिजली होती आणि गाल चिकटून बसला होता.

"आप्पा, सोडा आता," चांगदेव म्हणाले.

"मी कुठं धरलंय? तूच सोड!"

"चिकाटलोय आप्पा!"

शेवटी कोमट पाण्यानं चांगदेवांचा गाल सोडवला आणि सिद्दीकनं मागून कात्री चालवली. कात्री दोनदा अडकली. "हरिबा, ह्ये कापायचं काम न्हाई, फोडायचं काम हाय!" तो घामाघूम होऊन म्हणाला. पाठीतून उभा चिरल्यावर पोपटराव शेंगेतून दाणा निघावा तसे बाहेर आले. दोघे भाऊ मात्र शेजारी शेजारी बसून जेवले. काखेला तेल लावत पोपटराव चांगदेवांना आग्रहानं जिलेबी वाढत होते.

परतीच्या एसटीत हरिबांनी विषय काढला. "घातला की न्हाई अंगात? मिरवला की न्हाई चार लोकांत?"

"मिरवला न्हाई, अडाकला," अनसाबाई म्हणाली. "उद्या माळ्यावर!"

दुसऱ्या दिवशी हरिबा माळ्यावर होते. "हाऽऽ! हाऽऽ!" करून दुपारपर्यंत घसा बसला. गोफणीचे दगड पाखरांना सोडून भलतीकडं जात होते. मांडीवर पुस्तक नाही, हाताला सुया नाहीत. खुनाच्या कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं घरी पडलेली! कारखान्यातही कधी वाटलं नव्हतं इतकं त्यांना एकटं वाटलं.

थंडी वाजली तर पाठीवर टाकू, म्हणून त्यांनी तो चिरलेला स्वेटर बरोबर आणला होता. तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी तो खाली रोवलेल्या बांबूला अडकवला. काळाकुट्ट स्वेटर हात पसरून, छाती काढून ज्वारीत उभा राहिला. एक बाही वाऱ्यावर खरखरली. पाखरांचा अख्खा थवा भर्रकन उडाला तो थेट शेजारच्या रानात गेला. संध्याकाळपर्यंत एकही पाखरू परत फिरकलं नाही.

तिसऱ्या दिवशी अनसाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा माळा रिकामा होता. खाली उन्हाला हरिबा बसलेले, मांडीवर कादंबरी, हातात सुया, आणि डोक्यावर स्वेटरची सावली. तिनं ज्वारीकडं पाहिलं. कणसं भरलेली होती. तिनं स्वेटरकडं पाहिलं आणि भाकरी सोडून हरिबांपुढं ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. पोपटराव होते.

"पाव्हणं, झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "मला अजून एक स्वेटर पायजे. आन् एक चांगदेवाला."

हरिबांची छाती फुगली. त्यांनी अनसाबाईला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"देतो की! माप तेवढं सांगा पाव्हणं. छाती किती?"

"छातीचं काय घेऊन बसलाय?" पोपटराव म्हणाले. "तुमच्या रानातलं सिद्दीकभाईकडनं कळलं. बांबूला बसंल असा करा. आन् खळ जरा जास्त मारा!"

अनसाबाई पदर तोंडात धरून हसायला लागली. हरिबांनी सुई कानामागं खोचली, घसा खाकरला आणि अगदी धंदेवाईक आवाजात विचारलं, "बरं, गळा कसा करू? गोल का व्ही?"