क्विन्सीचा पाव इंच

माणसाचा हात वाढवता येतो, असं लुशियस पेटवेचं ठाम मत होतं. हे मत त्याच दिवशी सकाळी तयार झालेलं होतं. पण लुशियसची मतं एकदा तयार झाली की जन्मापासून सोबत असल्यासारखी वागत.

टकर्स बेंडमध्ये त्याचं केस कापायचं दुकान होतं. मिसिसिपीच्या त्या सपाट, कापसाच्या मुलखात माणसं दोनच विषयांवर आवाज चढवून बोलत, देव आणि फुटबॉल. देवासाठी गावात चर्च होतं आणि फुटबॉलसाठी लुशियसचं दुकान. लुशियसचा भाचा क्विन्सी मॅबरी हा जवळच्याच एका लहानशा कॉलेजचा क्वार्टरबॅक. म्हणजे हाताने खेळायच्या या अमेरिकी फुटबॉलात चेंडू फेकणारा, संघाचं डोकं. एप्रिलअखेर ड्राफ्ट होता. त्या दिवसांत देशातले बडे व्यावसायिक संघ कॉलेजांतली पोरं एकेक करून उचलतात आणि त्याआधी त्यांचे स्काउट गावोगाव हिंडून पोरं पारखतात. पूर्वी लग्नाच्या मुलीला चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव म्हणत, ते परवडलं. इथे उंची, वजन, धाव, उडी, मनगट, स्वभाव आणि पोरगा क्वार्टरबॅक असेल तर हाताचा पंजासुद्धा मोजतात. बोटं ताणून, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. नऊ इंच भरला तर ठीक. नाही भरला तर पावसात याच्या हातून चेंडू निसटणार, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलेलं आहे.

क्विन्सीचा पंजा पाव इंच कमी होता. लुशियसने तो दुकानातल्या आरशापुढे तीनदा मोजला होता, दर वेळी आधीपेक्षा जास्त आशेने.

"कमी नाहीये," शेवटी त्याने निकाल दिला. "आखडलाय."

क्विन्सी मान हलवून हो म्हणाला. या पोराला नाही म्हणता येत नसे. तो रांगत होता तेव्हाच त्याचे वडील गेले. त्या आठवड्यात लुशियस बहिणीच्या घरी मागच्या खोलीत 'चार दिवस' म्हणून राहायला आला, तो अजून तिथेच होता. पोराच्या हातात पहिला चेंडू त्यानेच दिला. पुढे तो चेंडू आणायला कुंपणापलीकडे धावायचं कामही त्याच्याचकडे आलं. आता या पोराचं नाव टीव्हीवर पुकारलं गेलेलं ऐकायचं, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्याकडून हवी होती. बाकीचं त्याने जाऊ दिलं होतं.

बहिणीला, म्हणजे ओडेसाला, हा खेळच मान्य नव्हता. तिला विचारलं तर ती सांगे, की आपण मुलगा वाढवला तो म्हशीएवढ्या माणसांनी धावत येऊन त्याच्यावर पडावं म्हणून नव्हे. पण ती चर्चमध्ये पियानो वाजवायची आणि एका हाताने अख्खं सप्तक कवेत घेताना बोटं कशी ताणतात हे तिला माहीत होतं. तेव्हा रोज दुपारी चर्चचं दार आतून लावून क्विन्सीने पियानोवर बोटं ताणायची, असं ठरलं. दार लावायचं, कारण स्काउटचे कान कुठे असतील सांगता येत नाही. बोभाटा झाला असता तर पोराची किंमत हंगाम संपल्यावरच्या कलिंगडाएवढी झाली असती.

पियानोने फार फरक पडेना, म्हणून लुशियसने स्वतःची पद्धत काढली. वेदीपुढचा लाकडी कठडा बरोबर हव्या तेवढ्या जाडीचा होता. क्विन्सीने त्याच्यापुढे गुडघे टेकायचे, पंजा कठड्यावर पसरायचा आणि लुशियसने वरून आपला भार टाकायचा. लुशियसचा भार ही हलक्यात घेण्यासारखी गोष्ट नव्हती. क्विन्सी कण्हायला लागला की ओडेसा भजन जरा मोठ्याने वाजवायची.

चर्चची झाडलोट करणाऱ्या सिस्टर वर्नेलकडे दुसरी किल्ली होती, हे या तिघांच्या लक्षातच आलं नाही.

तिने दार उघडलं तेव्हा तिला दिसलं ते असं: वेदीपुढे गुडघे टेकलेला क्विन्सी मॅबरी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हात पसरलेले, मामा वरून वाकून आशीर्वाद देतोय आणि आई जीव तोडून भजन वाजवतेय. वर्नेलने पुन्हा अलगद दार लावलं आणि बादली तिथेच ठेवून ती गावभर सांगत सुटली, की क्विन्सीला पाचारण आलं. देवाने त्याला उपदेशक व्हायला बोलावलंय. त्याने फुटबॉल सोडला.

संध्याकाळपर्यंत घरी चार केक आले. पाचवा आला तेव्हा कुठे लुशियसला हा काय प्रकार आहे ते कळलं. तो खुलासा करायला उठला आणि दारातच थांबला. खुलासा करायचा तर चर्चमध्ये काय चाललं होतं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की पाव इंच बाहेर. तो परत बसला आणि त्याने केक खाल्ला. ओडेसा बश्या विसळत होती आणि गुणगुणत होती.

"ताई, तू हसतेयस," तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं? पण उपदेशकाच्या अंगावर धावून जाऊन कुणी पडत नाही, एवढं खरं."

दुसऱ्या दिवशी रेव्हरंड ब्रॉडनॅक्स स्वतः आले. फार वय झालेला माणूस. काठी टेकत तीन पायऱ्या चढायला त्यांना एका स्तोत्राएवढा वेळ लागे. आपल्यामागे हे चर्च कोण सांभाळणार, ही काळजी त्यांना बरीच वर्षं पोखरत होती. त्यांनी क्विन्सीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबला. तोच हात. क्विन्सीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून रेव्हरंडच्याही आलं. रविवारी पहिलं प्रवचन कर, ते म्हणाले, आणि क्विन्सी हो म्हणाला. यांनीच त्याच्या वडिलांना मूठमाती दिली होती आणि टायची गाठ मारायलाही यांनीच शिकवलं होतं. यांना नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

लुशियस तणतणला. पोराला साधं नाही म्हणता येत नाही म्हणजे काय? मग तूच सांग ना मामा, क्विन्सी म्हणाला. लुशियस तरातरा रेव्हरंडकडे गेला आणि तासाभराने परत आला तो रविवारी जादा खुर्च्या मांडायचं कबूल करून.

शुक्रवारी दुकानात एक अनोळखी गोरा माणूस दाढी करायला आला. कृष्णवर्णीयांच्या टकर्स बेंडमध्ये असा माणूस एकतर रस्ता चुकलेला असतो, नाहीतर स्काउट. डेल किमरी असं नाव त्याने सांगितलं, उत्तरेकडच्या एका संघाचा. लुशियसने त्याच्या गालांना भरपूर फेस लावला, म्हणजे फार प्रश्न येणार नाहीत. पण कोपऱ्यात डाव मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडाला फेस लावायचा राहिला होता. त्यांनी पाहुण्याला आपणहून सगळी माहिती पुरवली. पोरगा फार गुणी, साहेब. पण आता देवाचा झाला. रविवारी प्रवचन आहे, तुम्हीही या.

किमरीने एक डोळा उघडला. स्काउट मंद पायांना क्षमा करतो, कमजोर खांद्यालाही करतो. पण ज्याचं मन दुसरीकडे आहे त्या पोराला तो करत नाही, हे लुशियसला पक्कं ठाऊक होतं.

"मग तो रोज चर्चमध्ये काय करतो?" किमरीने फेसातून विचारलं.

लुशियसचा वस्तरा हवेत थांबला. प्रार्थना म्हणावं तर पोरगा उपदेशक ठरतो, पियानो म्हणावं तर वादक, आणि खरं बोलावं तर लहान हाताचा.

"फरशी पुसतो," तो म्हणाला.

हे दहा मिनिटांत वर्नेलपर्यंत पोहोचलं. आपल्या हातचं काम काढून पोराला दिलंय असा अर्थ तिने काढला. दाढी पुरती होण्याआधीच ती दुकानात उभी राहिली आणि तिने लुशियसला विचारलं, की माझ्या पुसण्यात कुठे काय राहिलं ते आधी दाखव. लुशियस तिला समजवायला वळला. किमरी अर्ध्या दाढीनिशी खुर्चीत बसून सगळं ऐकत होता. जाताना त्याने एवढंच विचारलं, की रविवारी चर्च किती वाजता असतं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. ठेवणीतल्या टोप्या बाहेर निघाल्या होत्या. मांडलेल्या जादा खुर्च्याही पुरल्या नाहीत. किमरी शेवटच्या बाकावर बसला होता. क्विन्सी व्यासपीठावर चढला आणि सुजलेला हात त्याने समोरच्या मेजावर ठेवला.

"मला पाचारण आलेलं नाही," तो म्हणाला.

"आमेन," कुणीतरी सवयीने म्हणालं.

"मी इथे रोज येत होतो तो हात वाढवायला."

"सांग, बाळा, सांग."

"माझा पंजा पाव इंच कमी आहे."

"प्रभू, दया कर," मधल्या रांगेतून एक बाई कळवळल्या.

तिसऱ्या रांगेत लुशियसने डोळे मिटून घेतले. संपलं, त्याच्या मनात आलं. अख्ख्या गावादेखत, स्काउटसमोर, स्वतःच्या तोंडाने.

"तो वाढेल असं मामाला वाटत होतं," क्विन्सी म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, नाही वाढणार. पण मामा रोज भर गर्दीच्या वेळी दुकान बंद करून यायचा. दर वेळी मोजायचा आणि दर वेळी म्हणायचा, आज जरासा वाढलाय. मला त्याला नको म्हणवलं नाही. मग तुम्हालाही नाही म्हणवलं, रेव्हरंड. तेवढी माझी चूक. मला फुटबॉल खेळायचाय. आहे या हातानेच खेळायचाय."

एवढं बोलून तो खाली उतरला. चर्चमध्ये पंख्याचा आवाज येत होता. लुशियसने खिशातून रुमाल काढून मान पुसली, मग चेहरा पुसला आणि चेहऱ्यावरून तो रुमाल बराच वेळ काढला नाही.

रेव्हरंड काठी टेकत उठले. "इतक्या वर्षांत या जागेवरून पुष्कळ प्रवचनं झाली," ते म्हणाले. "त्यातली निम्मी माझीच. इतकं खरं एकही नव्हतं." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "आणि इतकं लहान तर नव्हतंच. जेवून घ्या."

मागच्या दालनात तळलेले मासे आणि मक्याचा पाव मांडला होता. किमरी बशी घेऊन क्विन्सीसमोर येऊन बसला आणि त्याने खिशातून मोजपट्टी काढली. पीच कॉब्लर या गोड पदार्थाचं भांडं बाजूला सरकवलं गेलं. बायाबापड्या वाकून बघू लागल्या. क्विन्सीने पंजा टेबलावर पसरला.

आधी पाव इंच कमी होता. आता सुजेमुळे अंगठा उघडेना, त्यामुळे आणखी थोडा कमी भरला.

"बर्फ लावा," किमरी म्हणाला. "आणि याला कुणी हात लावू नका." हे बोलताना तो फक्त लुशियसकडे बघत होता. मग त्याने मोजपट्टी खिशात ठेवली, कॉब्लर दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि क्विन्सीला विचारलं, की पावसातले सामने तू कसे खेळतोस. दोघं मैदानाविषयी बोलायला लागले ते टेबलं आवरेपर्यंत उठले नाहीत.

ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी ओडेसाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर नावामागून नाव चाललं होतं. मोठमोठ्या पंजांची पोरं टोप्या घालून आयांना मिठ्या मारत होती. दुपार कलली. शेजारी बसल्या जागी चुळबुळत होते, रेव्हरंडना खुर्चीतच डुलकी लागली होती. लुशियस दारापाशी उभा होता. प्रत्येक नावाला त्याचे ओठ आधीच 'क्विन्सी' म्हणत आणि मग मिटत.

अगदी शेवटच्या फेरीत फोन वाजला. क्विन्सीने तो कानाला लावला आणि 'हो साहेब, हो साहेब' एवढंच म्हणत राहिला. मग टीव्हीवर ते नाव झळकलं, आणि पुकारणाऱ्या माणसाने ते चुकीचं उच्चारलं, तरी घराचं छप्पर उडालं. ओडेसा रडत होती. रेव्हरंड दचकून जागे झाले आणि 'आमेन' म्हणाले. वर्नेल जो समोर येईल त्याला सांगत होती, की सगळ्यात आधी मीच पाहिलं होतं.

या गडबडीत फोन लुशियसच्या हातात आला. पलीकडे अजून किमरी होता. लुशियस फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

त्याने किमरीचे आभार मानले, दोनदा.

"तिकडे बर्फ पडतो म्हणे, साहेब."

"पडतो."

"फार?"

"ऑक्टोबरात सुरू होतो. मग पडतच राहतो."

"घरी वगैरे कधी येता येतं पोरांना?"

"हंगाम संपला की."

दाराच्या फटीतून लुशियसला दिसलं, क्विन्सीने ओडेसाला उचलून घेतलं होतं आणि तिची चप्पल खाली पडली होती. मागच्या खोलीपासून त्या दिवाणखान्यापर्यंत पोरगा पहिल्यांदा चालत आला होता तेही लुशियसने याच दारातून बघितलं होतं. त्याने आवाज खाली आणला.

"साहेब, एक सांगू का? घरातली गोष्ट आहे, बाहेर बोलू नका. पोराचा हात तसा लहानच आहे हो."



"माहीत आहे, मिस्टर पेटवे. मीच मोजला."

"ते ठीक आहे," लुशियस म्हणाला. "पण तेव्हा तुम्ही जेवत होता. एकदा नीट मोजून बघता का?"