तीन मजले, उलट्या पावलांनी

मुलुंडच्या आमच्या इमारतीत टिपणीसकाका तीन मजले उलटे उतरतात. तोंड वर, पाय खाली, एक हात कठड्यावर. वय पंचाहत्तर. लिफ्ट दोन महिने बंद आहे. सोसायटीच्या भाषेत, लवकरच सुरू होणार आहे.

जिन्यात गाठ पडली की काका मला बातमी देतात. बातमी तीस वर्षं जुनी. "पेपरवाला ना तू? लिही. घनता म्हणजे ताकद नव्हे!"

हे वाक्य त्यांना कुठेही चालतं. सोसायटीच्या सभेत कंत्राटदाराने जाड प्लास्टरची तारीफ केली, तेव्हा काकांनी खिशातून खडू काढला आणि मोडून दाखवला. "भरीव होता ना? गेला ना?" भाजीवाल्याच्या दुधीचीही अशीच परीक्षा झाली. दुधी नापास झाला.

काका औषध कंपनीचे एमआर होते. तेव्हा ठिसूळ हाडांवर फ्लोराइडच्या गोळ्या देत. काका त्या गोळ्या डॉक्टरांना पटवत. इतक्या जोरात, की त्यांना स्वतःलाही पटल्या. काकूंना त्यांनी दोन वर्षं त्याच गोळ्या दिल्या. तपासणीत हाडं दाट दिसली. काकांनी मजलाभर पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात पिठाचा डबा उचलताना काकूंचं मनगट मोडलं. कालांतराने औषधही मागे पडलं. हाड दाट व्हायचं, पण मोडायचं थांबत नसे. पेढे मात्र परत मागता येत नाहीत.

यंदा काकू मोरीत घसरल्या, खुबा मोडला. "वय झालंय," डॉक्टर म्हणाले. काकांना हे निदान मान्य नाही. "गोळी मी आणली होती," एवढंच म्हणतात आणि उलटे उतरू लागतात.

काल ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काकू खाली बाकावर बसायला निघाल्या. एका हाताने कठडा धरलेला. काका एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे, दोन्ही हात पसरलेले. मागे न बघता त्यांचं पाऊल नेमकं पायरीवर पडत होतं. दोन महिन्यांचा सराव कशाचा होता, ते मला तिथे कळलं.

"अहो, पुढे बघा ना! पडाल."

"माझं सोड. तू पडलीस तर सरळ माझ्यावर पड. हे पोट कशाला ठेवलंय?"

"पोटाचं कौतुक नको." काकूंनी मोकळा हात त्यांच्या हातात दिला. "घनता म्हणजे ताकद नव्हे."

काकांनी मागची पायरी पायाने चाचपली. मग म्हणाले, "ये."