प्लगकाकांचं मिसिंग

गॅरेजचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात प्लगकाकांच्या फोनवर काकूंचा निरोप आला. एकच शब्द होता: ‘मिसिंग.’

काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि लगेच उत्तर धाडलं: ‘प्लग काढून पूस.’

गाडी मिसिंग करत असो, म्हणजे चालता चालता अडखळत असो, की तिला आणखी काही झालेलं असो, आधी प्लग काढून बघायचा, हा त्यांचा खाक्या. गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव उगाच प्लगकाका पाडलं नव्हतं. आणखी एका गोष्टीसाठी ते प्रसिद्ध होते. ‘पार्ट मिळत नाही, पुढच्या आठवड्यात या,’ अशी थाप मारून गाडी अडकवून ठेवणाऱ्या मेकॅनिकचं ते तोंडही बघत नसत.

काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. जाताना ‘ही गेले आणि ही आले’ म्हणाल्या होत्या. पण बाळ शिंकलं की त्यांचा मुक्काम वाढे आणि इकडे काकांना घर खायला उठे. फोन केला की ‘कधी येतेस?’ हे शब्द अगदी ओठांवर येत, पण तोंडातून बाहेर पडे ते ‘जावयाच्या गाडीचं सर्व्हिसिंग झालं का?’ त्यामुळे काकूंनी अखेर त्या गाडीकडे लक्ष दिलं, याचं त्यांना मनापासून बरं वाटलं.

‘कसला प्लग?’ काकूंनी विचारलं.

‘तुला नाही जमायचं. जावयाला सांग.’

यावर काकूंचं उत्तर आलं नाही. काकू रुसल्या की गप्प बसत, आणि रुसवा कानांनी ओळखायची विद्या काही काकांना अवगत नव्हती. त्यांनी थेट जावयालाच फोन लावला. जावई औषधांच्या दुकानात कामाला. पान्हा हातात घेतला तर तो चमच्यासारखा धरायचा. पण सासऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हता.

"जावईबापू, गाडी मिसिंग करतेय म्हणे?"

"छे हो बाबा, मस्त चालतेय."

"चालू करा आणि फोन सायलेन्सरपाशी धरा बघू."

जावयाने धरला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"हे बघा! मध्येच कशी कोकलतेय!"

"ते बाळ आहे, बाबा."

"बाळ कळतं हो मला. त्याच्या मागचा आवाज ऐका. उघडा!"

जावयाने गाडी उघडली. प्लग निघाला, फिल्टर निघाला, मग काकांच्या फोनवरच्या हुकमाबरहुकूम कार्बोरेटर निघाला. त्यातली एक चिमुकली स्प्रिंग उडून कुंड्यांमध्ये गेली. ती शोधताना कुंडी फुटली. दुपारी जावयाने फोटो पाठवला. चादरीवर अख्खी स्कूटर वाळवणासारखी पसरली होती.

मग लेकीचा फोन आला. "चांगली चालती गाडी होती हो बाबा! आता बाळाला दवाखान्यात काय ढकलगाडीवरून नेऊ? आणि आईनं काय लिहिलं, तुम्ही तिला काय उत्तर दिलंत! ती कुणाशी बोलतसुद्धा नाहीये."

"अगं, पण मिसिंग..."

पलीकडे बाळाने सूर लावला आणि फोन बंद झाला.

काका चक्रावून स्टुलावर बसले. तेवढ्यात शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आपली स्कूटर घ्यायला आल्या. पोरं त्यांना ‘मिस’ म्हणत.

"बाई, मिसिंग म्हणजे नक्की काय हो?"

"मला काय विचारता? तुम्हीच तर सांगितलंत, माझ्या गाडीला मिसिंग आहे म्हणून."

"गाडीचं कळतं हो. पण... माणसाने माणसाला लिहिलं तर?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग वर्गात शिकवतात तशा सावकाश म्हणाल्या, "मुळात तो शब्द चुकण्याचा. नेम चुकला, मिस. बस चुकली, मिस. मग हाताशी असायचं ते माणूस हाताशी नसलं, की आपल्याला चुकल्या-चुकल्यासारखं होतं ना? तेसुद्धा मिस."

"आणि पोरं तुम्हाला म्हणतात ते?"

"त्या शब्दाचं कूळच वेगळं. ‘मिस्ट्रेस’चं शेपूट तोडून उरलेला तो. माझं काही चुकलेलं नाही."

काका हसले नाहीत. "इंजिनाचंही तसंच असतं," ते म्हणाले. "एखादा ठोका चुकतो. गाडी चालते, पण उगाच चालते."

काकू गेल्यापासून आपणही असेच उगाच चाललो आहोत, हे त्यांना आत्ता कळलं. आणि तिने ते लिहून पाठवलं, तर आपण म्हणालो, पूस! त्यांच्या काळजाचा ठोका चुकला. त्यांनी शटर ओढलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि पहिली मिळेल ती बस धरली.

दार काकूंनीच उघडलं. खांद्यावर बाळ होतं.

"आलात? प्लग पुसायला?"

"अगं, मला वाटलं..."

"तुम्हाला गाडीच वाटणार! जन्मात एकदा मनातलं लिहिलं, तेही लाज गुंडाळून ठेवून. तर म्हणे, काढून पूस!"

काकांनी खाली मान घातली आणि चादरीवर बसून स्कूटर जुळवायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच किकला ती सुरू झाली. आवाज असा एकसारखा, की बाळसुद्धा रडायचं थांबलं.

"वा बाबा!" जावई खूश झाला. "आता तुमचं परतीचं बघतो. गॅरेज बंद ठेवून किती दिवस राहणार?"

काकांनी दाराकडे बघितलं. तिथे काकू उभ्या होत्या. काकांनी गाडी बंद केली, वाकून प्लग काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"घाई नको," ते म्हणाले. "एक पार्ट बदलायला लागेल. सहजासहजी मिळत नाही तो."

"पण आत्ता तर चालली की!"

"चालते हो. पण उगाच चालते."

संध्याकाळी काकूंनी धुवायला शर्ट उचलला आणि खिशात हात घातला. काकांचा चेहरा पडला. काकूंनी प्लग उजेडात धरून बघितला. मग बाळाचा धुतलेला लंगोट घेतला, प्लग सगळ्या बाजूंनी स्वच्छ पुसला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला.

"आई," बाहेरून जावयाने विचारलं, "बाबांना हवा असलेला पार्ट कुठे मिळतो का, चौकशी करून येऊ?"

"नको हो," डब्याचं झाकण घट्ट लावत काकू म्हणाल्या. "मी केली. इथे कुठ्ठे मिळत नाही."