कडक भाकरीची परीक्षा

शेजारचे शिवप्पा मामा नवीन माणसाला नाव विचारत नाहीत. पिशवीतून कडक भाकरी काढतात, मोडून अर्धी त्याच्या हातात देतात आणि तो ती कशी खातो ते बघत बसतात.

"गांजेकस कदी 'साकु' म्हनत न्हाय," हा त्यांचा सिद्धांत. साकु म्हणजे कन्नडात पुरे. मामा मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात चाळीस वर्षं त्यांनी चादरीचे माग दुरुस्त केले, आता माणसं तपासतात. या परीक्षेत आजवर विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा, आमच्या गल्लीचा पोस्टमन आणि लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले माझे सख्खे काका दोषी ठरलेत. काकांनी तीन भाकऱ्या संपवल्या. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुना गडी हाय."

मी सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीचं काम करते, पत्रकंही मीच लिहिते. मला हे खपणारं नव्हतं. मी सुनावलं, "भूक लागणं म्हणजे व्यसन नाही, मामा. सोडायचं ठरवून सुटत नाही, डोळे उघडताच त्याचीच आठवण येते, कामधंदा बुडताना दिसतो तरी हात थांबत नाही, ते व्यसन. पत्रकात लिहिलंय. वाचा."

"वाचलं की. बाण्याचा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. मानसाला तसलं काय बसवलेलं न्हाय. एवढंच लिवायचं हुतं, चार पानं कशाला घालवली?"

मला राग आला. ते बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

बरं, हे सांगणारे मामा स्वतः रोज संध्याकाळी गच्चीवर चिलीम ओढायचे.

"शंकराचं हाय."

"शंकरानं हलाहलही पचवलं. ते घ्या की."

"ते सोलापुरात मिळत न्हाय. आन् मी रोज सोडतो. काल बी सोडली हुती."

पण खरा गांजेकस सापडला, की मामा त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्याच्या व्यसनमुक्ती विभागात न्यायचे. केसपेपरवर 'सोबत कोण' या रकान्यात 'मामा' लिहायला लावायचे. टेम्पोवाला, पानवाला, तेलुगू बोलणारा विणकर, सगळे भाचे. रांगेतच धडा सुरू व्हायचा. "पयला आठवडा लई वाईट. झोप यायची न्हाय, चिडचिड हुईल, अन्न जायचं न्हाय. ह्याच्यावर जादूची गोळी न्हाय. दर आठवड्याला यून डॉक्टरसंगट बोलायचं, पळायचं न्हाय." खिडकीवरच्या क्लार्कनं एकदा मला हळूच विचारलं, "ह्यांना एकूण बहिणी किती?"

"तुमचा केसपेपर कधी काढायचा?" मी दर वेळी विचारायचे.

"बघू की."

गेल्या सोमवारी मामा रांगेत एकटेच दिसले.

"भाचा कुठाय?"

"येतोय मागनं."

तासभर कोणी आलं नाही. मला भूक लागली होती. मामांनी भाकरी मोडून अर्धी मला दिली. उरलेली अर्धी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"तुम्ही खा की."

"जात न्हाय, पोरी. चौथा दिस हाय."

लक्षणं छापून वाटणारी मी, आणि मलाच कळायला एवढा वेळ लागला.

"मग इतकी वर्षं स्वतःसाठी का नाही आलात?"

त्यांनी पिशवीतून माझंच पत्रक काढलं. घडीवर घडी पडून मऊ झालेलं. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. 'रुग्णासोबत घरचे माणूस हवेच.'

"बायकू गेली. पोरबाळ न्हाय. कुनाला आनू?"

असा नियम कुठेच नाही. रकाना रिकामा राहिला तरी चालतो. तो 'हवेच' मी घातला होता, वाक्याला जोर यावा म्हणून.

तेवढ्यात नंबर पुकारला. क्लार्कनं सवयीनं विचारलं, "पेशंट कोण?"

"मीच," मामा म्हणाले.

क्लार्कचं पेन थांबलं. "सोबत?"

मामा फरशीकडे बघू लागले.

"भाची," मी म्हणाले.

क्लार्कनं चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं. "ही कुठल्या बहिणीची?"

मामांनी हातातली अर्धी भाकरी पिशवीत ठेवली.

"थोरलीची," ते म्हणाले.