जावईबापूंनी गाडी उघडली

अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं, आणि नेमकं ह्याच महिन्यात, हुडकेश्वरला सासुरवाडीत धोंड्याचं जेवायला आलेल्या जितेंद्रने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "बाबा, पेचकस हाये का घरात, स्क्रू खोलाले?"

त्याचे सासरे शालिकराम ठवकर खुर्चीतून अर्धे उठले. "कायले पायजे होता?"

"तुमी फोनवर म्हणले होते ना, गाडी सकाळी उशिरा सुरू होते म्हणून? पंप गेला तिचा. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलते, तो पंप. मी नवीन मागवूनच घेतला." जितेंद्रने पिशवीतून खोकं काढलं.

"जावईबापू, मी असंच म्हणलं होतं. वय झालं तिचं. मलेही सकाळी सुरू व्हाले वेळच लागते."

"म्हणूनच तर!" जितेंद्र म्हणाला आणि बाह्या सरसावत पोर्चमध्ये गेला.

जितेंद्र विमा कंपनीत होता. ठोकलेल्या गाड्यांचे क्लेम नामंजूर करणं हे त्याचं काम. रोज मोडक्या गाड्यांचे फोटो पाहून पाहून आपल्याला गाड्या कळतात, अशी त्याची समजूत झाली होती. उरलेलं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंनी भरून काढलं होतं. आणि शालिकरामांची गाडी म्हणजे वीज मंडळातून रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली एकुलती एक चीज. रोज सकाळी पिवळ्या फडक्याने ते ती पुसत. बायकोच्या माहेरच्यांना पुढच्या सीटवर बसू देत नसत.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. सुभद्राबाई अनारसे तळत होत्या.

"सुभद्रे, त्याले समजाव वं. गाडी खोलतो म्हणून राहिला."

"मी नाही बाप्पा सांगत. अधिकातला जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याचं मन मोडलं तर पाप लागते."

"विष्णूनं कधी कोणाची गाडी खोलली होती काय?"

"नसन खोलली. पण खोलतो म्हणला असता, तर लक्ष्मीच्या बापानं नाही म्हणलं असतं का?"

"लक्ष्मीचा बाप समुद्र होता! त्याच्याजवळ गाडी नव्हती!"

शालिकरामांनी आशेने लेकीकडे पाहिलं. मिनल वेलदोडे सोलत होती. "माह्याकडं नका पाहू, बाबा," ती म्हणाली. "आमचा मिक्सर यायनं दुरुस्त केला, तवापासून मी पाट्यावर चटणी वाटून राहिली."

पोर्चमध्ये मागची सीट निघून तुळशीजवळ उभी राहिली होती. सीटखालचं गोल झाकण उघडलं होतं. सूर्य डोक्यावर आला नव्हता तरी मे महिन्याचं ऊन असं तापलं होतं की पेचकस फडक्यात धरावा लागत होता. जितेंद्रने जुना पंप टाकीतून ओढून बाहेर काढला, तेव्हा शालिकरामांना आपलंच काहीतरी काढल्यासारखं वाटलं.

"वा!" ते म्हणाले. म्हणावंच लागलं, कारण खिडकीतून सुभद्राबाई डोळे वटारून पाहत होत्या.

"पाहा, किती सोपं हाये," जितेंद्र म्हणाला. "मेकॅनिक लोक उगाच भेव दाखवते."

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या नत्थूजींचं डोकं उगवलं. नत्थूजी दिवसभर भिंतीपलीकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे असत. कोणाच्या घरी काही मोडलं, की ते सगळ्यात आधी त्यांना कळे.

"काय शालिकभाऊ, गाडी भंगारात देऊन राहिले काय गा?"

"जावई दुरुस्त करून राहिले," शालिकराम दात दाबून म्हणाले.

"हो का? मंग एकच गोष्ट झाली."

जितेंद्रने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने नवा पंप टाकीत उतरवला, कडं फिरवून घट्ट केलं आणि शेवटचं काम हाती घेतलं. पंपाच्या डोक्यावर प्लास्टिकची एक बारकीशी तोटी असते. तिच्यावर पेट्रोलचा पाइप दाबून बसवायचा, की झालं. पाइप काही बसेना. जितेंद्रने अंगठ्याने दाबलं. मग तळहाताने दाबलं. मग गुडघा गाडीच्या तळावर टेकवून, विष्णूने पृथ्वी उचलली असेल तेवढा जोर लावला.

कट्ट!

जितेंद्र वाकून पाइपाकडे पाहू लागला.

"बसला वाट्टे," नत्थूजी म्हणाले.

तोटी मुळातून तुटली होती. जितेंद्रने पाइप वर उचलला, तर तुटलेला तुकडा त्यातून निसटला आणि कडं तिरपं बसल्याने राहिलेली फट शोधून टाकीत गेला. टाकीतून 'डुब' असा आवाज आला.

"काही टेन्शन नाही," जितेंद्र म्हणाला. "जो पार्ट बसवताना तुटते, तो रिपेअर होते. व्हिडिओत सांगते तसं."

"जुनाच पंप बसवून टाका ना, जावईबापू. चालूच होता तो."

जितेंद्रने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पेपरावर जुना पंप सुट्टा होऊन पसरला होता. "आत काय असते, ते पाहाले खोलला होता. आता तो कसा लागते, त्याचा व्हिडिओ सापडून नाही राहिला."

मग तुकडा काढायची मोहीम सुरू झाली. पंप पुन्हा वर आला. चुंबक सोडून पाहिला, पण प्लास्टिक चुंबकाला कशाला भीक घालतंय! नत्थूजींनी गळ टाकायचा सल्ला दिला. शेवटी जितेंद्रने स्वयंपाकघरात येऊन, "आई, एका मिनटासाठी देता काय?" म्हणत तळायचा झारा नेला. सुभद्राबाईंच्या हातात फक्त 'अगं बाई' राहिलं. कढईतले अनारसे त्यांनी सांडशीने काढले, आणि विष्णूच्या ताटात जाणाऱ्या त्या अनारशांचे आकार पाहून त्यांनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

झाऱ्याने तुकडा मिळाला. झारा मात्र घरातून कायमचा गेला.

"आता काय कराचं?" शालिकरामांनी विचारलं. आवाज दवाखान्यात नातेवाईकांचा असतो तसा झाला होता.

"झटपट चिकटवायचा गोंद माह्याजवळ हाये. मिनल, घरात खायचा सोडा पाहा वं जरासा. गोंदावर सोडा टाकला, की दगड होते दगड."

"हे खरं हाये," नत्थूजी म्हणाले. "माह्या कवळीचा दात मी तसाच बसवला होता."

"मंग?"

"खर्रा खाल्ला तं गेला."

तोटी चिकटली. सोडा टाकताच धूर निघाला आणि पांढरा गड्डा तयार झाला. जितेंद्रने त्याच्यावर टिचकी मारली. टक्क! खरंच दगड. पंप टाकीत परत बसवून पाइप आता मऊ हाताने, बाळाला टोपडं घालावं तसा चढवला. सगळ्यांनी श्वास सोडला. सुभद्राबाई हात पुसत बाहेर आल्या. "झालं का, जावईबापू? बाराच्या आत औक्षण व्हाले पायजे."

"झालंच, आई. बाबा, फक्त चाबी फिरवा. सुरू नका करू. पंप प्रेशर घेते का, ते पाहतो." आणि गळती दिसावी म्हणून जितेंद्रने तोंड नेमकं त्या भोकावर नेलं.

शालिकरामांनी मनात कुलदेवतेचं नाव घेऊन चाबी फिरवली.

पंप 'घूंऽऽ' करून जागा झाला. पंप उत्तम होता, ह्याबद्दल वाद नाही. त्याने घेतलेल्या प्रेशरने तोटी, गोंद, सोडा आणि पाइप ह्यांचा एकत्र निरोप घेतला, आणि त्या भोकातून पेट्रोलचं कारंजं उडून थेट जावयाच्या तोंडावर पडलं.

"बंद! बंद करा!"

शालिकरामांनी चाबी उपटली. जितेंद्र डोक्यापासून कमरेपर्यंत भिजून उभा होता. नत्थूजींनी घोटायचं थांबवून मान हलवली. "जोर हाये पंपात. मानलं."

मिनलने नवऱ्याला हात धरून न्हाणीघरात नेलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात भर दुपारी चहाला चालेल इतकं गरम असतं. त्या पाण्याने त्याने तीनदा अंघोळ केली. बेसन लावलं, लिंबू चोळलं. शेवटी सासऱ्याचं धोतर नेसून तो पाटावर येऊन बसला. रंगाने लाल झाला होता, वास मात्र अजून पेट्रोल पंपाचाच होता.

सुभद्राबाई ताट घेऊन आल्या. त्यात कुंकू, सुपारी, वाणाचे, पण आकार गेलेले अनारसे आणि मधोमध तेवणारं निरांजन.

"थांब वं!" शालिकराम ओरडले. "दिवा तिकडंच ठेव! जावई पेटन!"

"अवो, पण अधिकात दिव्यानंच ओवाळा लागते. दिव्याचंच महत्त्व असते."

"मंग दाराच्या बाहेरून ओवाळ!"

आणि मग ठवकरांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं असं औक्षण झालं. जितेंद्र बैठकीत पाटावर बसला. सुभद्राबाई अंगणापलीकडे फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि तिथून त्यांनी ताट गोल फिरवलं. रस्त्याने जाणाऱ्या भाजीवाल्याला वाटलं, आपल्यालाच ओवाळतात. त्याने हात जोडून कोथिंबिरीची जुडी ताटात ठेवली.

पानं वाढली. पुरणाचे धोंडे, वर तूप, कढी, वडे. पण शालिकरामांचा घास फिरत होता. दारातून त्यांची गाडी दिसत होती, सीट बाहेर आणि टाकी उघडी.

"तुमी काळजी नका करू, बाबा," जितेंद्र तिसरा धोंडा घेत म्हणाला. "माह्या ध्यानात आलं. गडबड पंपात नाहीच. गडबड पुढं इंजिनात हाये. जेवण झालं, की बॉनेट उघडतो."

शालिकरामांचा हात ताटातच थांबला. अनुभवी माणूस होता. वीज मंडळात असे साहेब त्यांनी पाहिले होते. फ्यूज उडाला की ते मीटर खोलत, मीटर जळालं की खांबावर चढत. अशा माणसाला थांबवता येत नाही. त्याला फक्त जबाबदारी देता येते.

ते उठले. हात धुतले. ताम्हणात गाडीची चाबी ठेवली, वर सुपारी ठेवली, आणि जितेंद्रसमोर धरली.

"जावईबापू, यंदाचं वाण. ही गाडी तुमाले दिली."

सुभद्राबाईंच्या हातातली तुपाची वाटी कलली. "अवो, आपण तं चांदीचा दिवा आणला..."

"दिवा यायले आज देऊ नको वं, कोणताही. घ्या, जावईबापू. अधिकातलं वाण परत कराचं नसते."

जितेंद्र गहिवरला. त्याने चाबी कपाळाला लावली आणि धोतर सावरत पोर्चमध्ये गेला. आपल्या गाडीभोवती त्याने एक फेरी मारली. उघडी टाकी पाहिली. पेपरावरचा पंप पाहिला. आणि त्याचा चेहरा हळूहळू क्लेम नाकारतानाचा झाला.

"अरे! ही काय हालत करून ठेवली गाडीची!"

"आता पुढं बॉनेट उघडाचं होतं ना?" शालिकरामांनी अदबीने विचारलं. "पेचकस देऊ?"

"काही बोलता काय, बाबा! कोणी हात नका लावू! नत्थूकाका, तुमी भिंतीवरून खाली व्हा, पिचकारी उडन सीटवर! मिनल, मोबाइल दे. चांगला मेकॅनिक पाहतो. ओरिजनल पार्ट टाकाचा, डुप्लिकेट बिलकूल चालणार नाही!"

अर्ध्या तासात टोइंगची गाडी आली. जितेंद्र सासऱ्याच्या धोतरावर तिच्यामागे, सकाळी ज्या गाडीने आला होता त्या स्वतःच्या गाडीतून गेला. रुग्णाबरोबर घरचं माणूस नको का!

चार दिवसांनी गाडी परत आली. पंप नवा, टाकी धुतलेली, सर्व्हिसिंग झालेली. जितेंद्रने काचेला लिंबू-मिरचीसुद्धा बांधली होती. पण तो जरा पडेल दिसत होता.

"बाबा, एक अडचण हाये. आमच्या मनीषनगरच्या बिल्डिंगीत एका फ्लॅटले एकच गाडी ठेवता येते. सेक्रेटरी ऐकून नाही राहिला. तवा... तुमी नाराज नसान तं इथंच ठेवता का? अधूनमधून चालवत जा. नाही तं बॅटरी उतरते."

"आता तुमीच म्हणता," शालिकराम मोठ्या कष्टाने म्हणाले, "तं ठेवतो बाप्पा. जावयाले नाही कसं म्हणू?"

गाडी पोर्चमध्ये लागली. जावई गेल्यावर शालिकरामांनी पिवळं फडकं काढलं आणि टपावर असा हात फिरवला, जसा माहेरी आलेल्या लेकीच्या पाठीवर फिरवतात. सुभद्राबाई दारात उभ्या होत्या.

"तुमाले पार्किंगचं पहिलेच ठाऊक होतं ना?"

"सुभद्रे, त्या बिल्डिंगीत दिवाळीले मले माही चप्पल ठेवाले जागा भेटली नव्हती."

दोघं बऱ्याच दिवसांनी एकत्र हसले. हसता हसताच शालिकरामांचा फोन वाजला. पुण्याहून धाकटी लेक, गार्गी.

"बाबा, ताईच्या यायले वाणात गाडी दिली म्हणते?"

"अवं, ते काय झालं बेटा..."

"राहू द्या, मी काही रागावून नाही राहिली. ताईनं सगळं सांगितलं मले. जिजाजींनी पंप कसा बसवला, काय तुटलं, सगळं. आमीही शनिवारी येऊन राहिलो धोंड्याचं जेवाले."

"या ना. जावईबापू मजेत?"

"मजेत. कालपासून व्हिडिओ पाहून राहिले. बाबा, हे विचारून राहिले, पावसाळ्यात आपल्या घराची गच्ची गळते काय जराशी?"

"नाही. कधीच नाही. काहून?"

"नाही, हे म्हणून राहिले, वरून पाहून नाही समजत. घर एकदा खोलून पाहा लागते."